त्या रात्री रेडिओचा आवाज कोणी वाढवला

आदरणीय ताई,

मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात वाढलेला, ६२ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. ज्या शाळेत मी शिकलो तिचा अमृतमहोत्सव जवळ आला असून स्मरणिकेसाठी माझ्याकडे ‘माझी आवडती गाणी’ या विषयावर लेख मागितला आहे. राजकारण टाळावे, एवढी एकच अट समितीने घातली आहे. लेख अर्धा झाला आणि तिथेच अडला.

१९७५ साली आमच्या वाड्याच्या ढाळजेत रेडिओ आला. वस्तीतला माझा एक वर्गमित्र रोज संध्याकाळी गाणी ऐकायला येत असे. किशोरकुमार आम्हा दोघांचा जीव की प्राण. १९७६ च्या उन्हाळ्यात विविध भारतीवरून तो आवाज एकाएकी नाहीसा झाला, तेव्हा सेल उतरले असतील असे समजून आम्ही ते काढून माळवदावर उन्हात ठेवत होतो. पुढे १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या गावातही वस्तीवरची घरे जळाली. आमच्या घरातले कोणी जाळायला गेले नव्हते, असे मला सांगण्यात आले. आडवे मात्र कोणी गेले नाही, हे मी स्वतः पाहिले. त्या रात्री वडिलांनी दार लावून घेतले आणि रेडिओचा आवाज वाढवला. त्या वेळी लागलेले गाणे मला आठवते, आणि आजही तेच माझे सर्वांत आवडते गाणे आहे.

तो मित्र पुढे बँकेत लागला, आता निवृत्त होऊन नांदेडला राहतो. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटला. माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या किती गोड होत्या, असे मी बोलण्याच्या ओघात म्हणालो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “माझी आई अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात पुन्हा जात्यावर बसली. गिरणीवर आमचे दळण घेत नव्हते.” त्यावर मला काही बोलता आले नाही.

मुलगा म्हणतो, गाण्यांचेच लिहा, जुने उकरू नका. गावात त्याचे कृषी सेवा केंद्र आहे. ती रात्र लेखात लिहावी की नाही? आणि ते गाणे अजून आवडते, यात माझे काही चुकते आहे का?

आपला,
एक निवृत्त शिक्षक


गुरुजी, सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचे वाचताना आपल्याला टांगून राहावे लागणार नाही. ती रात्र लेखात आली पाहिजे, आणि ती रेडिओच्या गोष्टीतच आली पाहिजे. तिच्यासाठी वेगळा परिच्छेद काढून त्यात सामाजिक न्यायावर चार वाक्ये लिहिण्याची काही गरज नाही. तशी चार वाक्ये आपण लिहिलीत तर समिती ती सहज कापील, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या जाण्याने लेखाचे काही नुकसानही होणार नाही. वडिलांनी दार लावले, रेडिओचा कान पिळला आणि घर गाण्याने भरून गेले, हे कापायचे म्हटले तर मात्र समितीला आपले आवडते गाणेच कापावे लागेल.

समितीच्या अटीविषयी थोडे बोलले पाहिजे. राजकारण म्हणजे पक्ष, पुढारी आणि निवडणूक, असा तिचा अर्थ असेल, तर ती अट आपण बिनतक्रार पाळावी. परंतु आपल्या लेखाच्या पहिल्या अर्ध्या भागात, जो समितीला नक्कीच आवडेल, राजकारण आधीच येऊन बसले आहे, हे आपल्या लक्षात आले आहे का? आणीबाणीत वीस कलमी कार्यक्रमाच्या प्रचारासाठी चित्रपटसृष्टीतल्या कलावंतांना जुंपण्यात येत होते. किशोरकुमार यांनी त्याला नकार दिला आणि १९७६ च्या मे महिन्यात त्यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. त्या वेळी विद्याचरण शुक्ल माहिती आणि प्रसारण मंत्री होते. आणीबाणी उठल्यावर नेमलेल्या शाह आयोगाच्या चौकशीत हे प्रकरणही आले. म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या एका माळवदावर दोन पोरे सेल उन्हात ठेवत होती, ती दिल्लीतल्या एका हुकुमामुळे. ही हकीकत स्मरणिकेत छापली तर सगळे हसतील, माना डोलावतील, कारण तिच्यातला दोषी दूर आहे आणि त्याला जाऊनही बराच काळ झाला आहे. १९७८ च्या रात्रीतला दोषी दूर नाही. त्याची नातवंडे अमृतमहोत्सवाच्या मांडवात खुर्च्या मांडणार आहेत. दूरच्या सत्तेचे राजकारण आपल्याकडे आठवण म्हणून खपते आणि आपल्या गल्लीचे तेवढे राजकारण ठरते. समितीने ही अट फार विचार करून घातली असेल असे मला वाटत नाही, पण तिचा परिणाम मात्र हा असा होतो.

(सरकारने रेडिओत हात घालण्याची सुरुवात आणीबाणीत झाली असे समजू नका. आपली भजनी मंडळे जिच्यावाचून एक पाऊल टाकत नाहीत, ती पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीला वर्ज्य होती. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ मंत्री असताना, १९५२ मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि सगळा देश रेडिओ सिलोन लावून बसला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. ज्या स्टेशनवर आपण दोघे किशोरकुमारांना शोधत होतात, ते स्टेशन मुळात श्रोत्यांच्या हट्टापुढे सरकारने घेतलेल्या माघारीतून जन्मले होते. लेखात जागा असेल तर हे जरूर घालावे. शाळेतल्या मुलांनाही आवडेल.)

आता आपण पत्रासोबत पाठवलेल्या कच्च्या लेखाकडे येते. त्यात आपण लिहिले आहे की संगीताला जात नसते आणि सूर माणसांना जोडतात. हे वाक्य कृपया काढून टाका. आपल्याच पत्राने ते खोटे ठरवले आहे, आणि तसेही मराठवाड्यातल्या कोणत्याही गावात ते पुराव्यानिशी उभे राहील असे मला वाटत नाही. प्रल्हाद शिंदे यांचेच उदाहरण घ्या. त्यांच्या पहाडी आवाजातली विठ्ठलाची भक्तिगीते आषाढी-कार्तिकीला गावोगावच्या देवळांवरच्या कर्ण्यांतून वाजत आली आहेत, आणि तोच आवाज १४ एप्रिलला वस्तीवरच्या कर्ण्यातून बाबासाहेबांची गाणी गात आला आहे. कव्वालीही त्यांनी तितक्याच जोमाने गाइली. एकच गळा गावाच्या दोन्ही टोकांना ऐकला जात होता. त्यामुळे गावाची दोन टोके जवळ आली का? आमच्या गल्लीत तरी सकाळी त्यांच्या अभंगाला डोळे मिटून हात जोडणारी माणसे संध्याकाळी त्याच आवाजातले दुसरे गाणे कानावर आले की खिडकी लावून घेत असत. आवाजाला उंबरठा ओलांडू दिला आणि माणसाला बाहेर ठेवले, असे हे आहे. सुरांवर हा दोष टाकण्याचे कारण नाही. त्यांनी न केलेले काम त्यांच्या नावावर मांडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या वाक्याच्या जागी काय लिहावे, तेही सांगते. मित्र रोज गाणी ऐकायला येत असे, इतके आपण लिहिले आहे. तो कुठे बसत असे, हे मात्र लिहिलेले नाही. ढाळजेत आपल्या शेजारी, की ओट्याच्या खाली अंगणात? रेडिओचे बटण फिरवायला त्याचा हात कधी लागला का? त्याला तहान लागली तर पाणी कशातून आणि कोण देत असे? सेल उन्हात ठेवायला माळवदावर तो आपल्यासोबत चढत असे, की आपण वरून ‘ठेवले’ म्हणून ओरडत होतात आणि तो खालून ऐकत होता? पत्रात आपण ‘आम्ही ठेवत होतो’ असे लिहिले आहे, आणि मराठीतला हा ‘आम्ही’ फार सोयीचा शब्द आहे. या प्रश्नांची उत्तरे आपल्याला ठाऊक आहेत, कारण अशा गोष्टी मूल विसरत नाही. ती लिहिलीत की जात, सत्ता, समता यांपैकी एकही शब्द न वापरता लेखात सगळे येईल आणि समितीच्या अटीला तांत्रिकदृष्ट्या धक्काही लागणार नाही. गाणे आठवताना त्याची चाल तर आठवतेच, पण ते ऐकताना आपण कुठे बसलो होतो आणि आपल्यापेक्षा खाली कोण बसले होते, हेही त्या चालीला चिकटून येते; त्यातला पहिला भागच आजवर आपण मोठ्याने म्हणत आलात.

त्या रात्रीचे लिहिताना शब्द जपून वापरावेत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर जे झाले त्याला आपल्याकडे सर्रास ‘दंगल’ म्हटले जाते. दंगलीला दोन बाजू लागतात. ज्या गावांत एका बाजूला कुऱ्हाडी, कंदील आणि रॉकेलचे डबे होते आणि दुसऱ्या बाजूला रात्रीच्या अंधारात लेकरे काखोटीला मारून ज्वारीच्या रानात शिरणाऱ्या बाया होत्या, तिथे हा शब्द बसत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या याच दिवसांतली. ठरावापासून नामविस्तारापर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचे नाव जोडले जाईपर्यंत, साडेपंधरा वर्षे गेली, आणि आपण व आपले मित्र दोघेही त्या काळात तरुणाचे संसारी गृहस्थ झालात. आपल्या गावी जे घडले त्याला आपण ‘घरे जाळली’ म्हणावे. ‘घरे जळाली’ असे पत्रात आले आहे. शिक्षकाला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग मी काय शिकवावे? तरीही सांगते, की घर आपोआप जळत नाही, आणि त्या वाक्यातून कर्ता वगळणे हीच आपल्या पिढीची सवय झाली आहे. ज्यांनी जाळली त्यांची नावे मात्र लिहू नका. ती खात्रीने सांगण्याइतके आपण पाहिलेले नाही, आणि स्मरणिका हे न्यायालय नव्हे. आपण पाहिले ते आपल्या घरातले आहे, तेवढ्यावर आपला हक्क आहे.

वडिलांविषयी आपण घाबरत आहात, असे मला पत्रावरून वाटले. त्यांनी आवाज वाढवला तो लेकरांच्या कानावर बाहेरचे काही पडू नये म्हणून, की स्वतःच्या कानावर पडू नये म्हणून, हे आपल्याला माहीत नाही. कदाचित त्यांनाही नसेल. तेव्हा दोन्हींपैकी एक निवडून त्यांना थोर किंवा भित्रे ठरवू नका. त्यांनी दार लावले आणि आवाज वाढवला, इतके लिहून तिथे थांबावे. पुढे गाण्याचे वर्णन करा, अगदी मन लावून करा, त्यातली सनई, तबला, कडव्यामागून येणारा कोरस, जे जे आपल्याला त्या रात्री ऐकू आले ते सगळे, कारण ते गाणे इतके स्पष्ट का आठवते हे वाचणाऱ्याला त्यातूनच कळेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते आहे, त्यामागे माझी स्वतःची एक गोष्ट आहे आणि ती मी नीट हाताळली नव्हती. माझे वडील नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमात शिकले. दाढी करताना ते नेमाने औरंगाबादचे अठराव्या शतकातले शायर सिराज यांची एक गझल गुणगुणत. चेहऱ्यावर साबणाचा फेस, हातात वस्तरा आणि ओठांवर ती गझल, अशी त्यांची सकाळ मला अजून दिसते. ती त्यांना शाळेतल्या त्यांच्या उर्दूच्या मास्तरांनी शिकवली होती. दर १७ सप्टेंबरला आमच्याकडे मुक्तिसंग्रामाच्या आठवणी निघत, रझाकारांनी कोणत्या गावी काय केले ते सांगितले जाई, आणि ते खरेच होते. मी कॉलेजात असताना एकदा, अगदी सहज, विचारले की त्या मास्तरांचे पुढे काय झाले. वडील म्हणाले, “अठ्ठेचाळीसनंतर ते राहिले नाहीत.” राहिले नाहीत म्हणजे गावात राहिले नाहीत की जगात राहिले नाहीत, हे मराठीत त्या वाक्यावरून कळत नाही, आणि मी पुढे विचारले नाही. त्या दिवसानंतर माझ्या ऐकण्यात वडिलांनी ती गझल म्हटली नाही.

पुष्कळ वर्षांनी सुंदरलाल समितीच्या अहवालाविषयी वाचले. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, म्हणजे भारतीय सैन्याने निजामाचे संस्थान ताब्यात घेतल्यावर, केंद्र सरकारनेच ही समिती हैदराबाद संस्थानात पाठवली होती. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत नांदेडचे नाव होते. सरकारने तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. आमच्या घरानेही आपला छोटा अहवाल प्रसिद्ध केला नव्हता. तो त्या गझलेत होता, आणि मी चुकीच्या वेळी, चुकीच्या सुरात एक प्रश्न विचारून तो बंद करून टाकला. मास्तरांविषयी मी आधी त्यांचे शिकवणे विचारायला हवे होते. ते कसे दिसत, छडी मारत का, गझल फळ्यावर लिहून देत की तोंडी घेत, हे विचारले असते तर वडील बोलत राहिले असते आणि बोलता बोलता अठ्ठेचाळीसपर्यंत आपणहून आले असते, असे मला आता वाटते. वडील गेले. ती गझल आज ध्वनिमुद्रणात हवी तेव्हा ऐकता येते, पण त्यात वस्तऱ्याचा आवाज नसतो.

आपले मित्र मात्र नांदेडला आहेत, आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून एक वाक्य बोलून ठेवले आहे. त्या वाक्याकडे आपण आरोप म्हणून पाहत आहात. मला ते तसे दिसत नाही. आपण ओव्यांविषयी बोललात, तेव्हा त्यांनीही ओव्यांविषयीच उत्तर दिले. जात्यावरच्या ओव्यांचे आपल्याकडे फार कोडकौतुक होते, आणि ते योग्यच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांत परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या बायांच्याही आहेत, आणि माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या त्याच जात्यावरच्या गळ्यात गाइलेल्या आहेत. परंतु पिठाची गिरणी गावात आल्यावर ज्या बाईने हुश्श करून जाते कोपऱ्याला लावले असेल, तिला ते गावाने पुन्हा ओढायला लावले, ही गोष्ट ओव्यांच्या गोडव्याविषयी लिहिणाऱ्या कोणाच्याही लेखात मी वाचलेली नाही. दिवसभर खुरपणीला जाऊन, किंवा खुरपणीलाही कोणी बोलावत नाही म्हणून घरी बसून, रात्री पायली-अर्धी पायली दळणाऱ्या त्या माउलीने त्या पावसाळ्यात ओवी म्हटली की नाही? म्हटली असेल तर कोणती? हे आपल्या मित्रालाच ठाऊक आहे. मला वाटते, त्यांना ते कोणाला तरी सांगायचे असावे. लग्नाच्या मांडवात, जेवणाच्या पंगती उठत असताना, बालमित्राशी माणूस उगाच असे बोलत नाही.

तेव्हा लेख समितीकडे देण्याआधी नांदेडला जा. माफी मागायला जाऊ नका. माफी मागणारा माणूस समोरच्यावर एक काम टाकतो; त्याला एकतर ती द्यावी लागते किंवा नाकारावी लागते, आणि दोन्ही बाबतीत पाहुण्याला चहा देऊन वर समजूतही त्यानेच काढायची असते. आपण लेखाचा कागद न्या आणि वाचून दाखवा. कुठे बसत होता, पाणी कशातून मिळत होते, हे आपण लिहिलेले त्यांना बरोबर वाटते का, ते विचारा. आपण म्हणाल ‘ओट्यावर’ आणि ते म्हणतील ‘अंगणात’, असे होण्याचा पुष्कळ संभव आहे. तसे झाले तर त्यांचे शब्द घ्या. खाली बसणाऱ्याला आपली जागा वर बसणाऱ्यापेक्षा नीट आठवते. त्या रात्री ते कुठे होते, हे त्यांनी सांगितले तर ऐका, नाही सांगितले तर विचारू नका. आईच्या जात्याची गोष्ट त्यांच्या आईची आहे. ती लेखात घेण्याची परवानगी त्यांनी दिली तरच घ्या, आणि त्यांनाच ती स्मरणिकेसाठी लिहायची असेल तर समितीकडे त्यांच्या लेखाची शिफारस आपण करा. ते त्याच शाळेचे विद्यार्थी आहेत. समितीने त्यांच्याकडे लेख मागितला होता का, हे आपण पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुधा आपल्या मनातही तो प्रश्न आलेला नसावा.

मुलाची भीती हसण्यावारी नेऊ नका. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला गावातले प्रत्येक घर गिऱ्हाईक असते, बियाण्याची आणि खताची उधारी सुगीपर्यंत अडकलेली असते, आणि एका लेखावरून चार घरांनी दुकान बदलले तर त्याचा हंगाम बुडतो. म्हणून लेखात दुसऱ्या कोणत्याही घराचा उल्लेख नको, हे मी वर सांगितले आहेच. पण त्याहून महत्त्वाचे असे की मुलाला ही रात्र स्मरणिकेतून कळू नये. आवाज वाढवणारे गृहस्थ त्याचे आजोबा होते. त्याला एका संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर समोर बसवा, ते गाणे लावा आणि सांगा. त्यानंतरही तो नको म्हणाला, तर त्याच्या म्हणण्याला वजन आहे असे मी मानीन. आज तो न ऐकताच नको म्हणतो आहे. आणि समितीने लेखातून तेवढी रात्र वगळून बाकीचा छापायचे ठरवले, तर संपूर्ण लेख परत मागून घ्यावा. सेल उन्हात ठेवण्याची गंमत तेवढी छापून येणे, हे अजिबात न छापण्यापेक्षा वाईट होईल.

आता गाण्याविषयी. ते आवडते यात आपले काहीही चुकत नाही. आपण १४ वर्षांचे होतात, बाहेर माणसे ओरडत होती आणि घरात एक माणूस सुरात गात होता; मूल सुराकडे जाणारच. ते गाणे सोडून देण्याने वस्तीवरचे एकही घर परत उभे राहणार नाही. एका विद्यमान गायकाची हल्लीची राजकीय मते आपल्याला पटत नाहीत, म्हणून त्याची गाणी ऐकणे थांबवावे का, असेही आपण ताजा कलम जोडून विचारले आहे. नको वाटत असेल तर थांबवा, वाटत नसेल तर ऐका. हा आपल्या कानांचा मामला आहे. मंत्र्याने आपल्या वतीने ठरवणे निराळे आणि आपण आपले ठरवणे निराळे, हे १९७६ साली सेल उन्हात ठेवलेल्या माणसाला मी काय सांगावे?

एक किरकोळ सूचना. रेडिओ १९७५ साली आला की १९७४ साली, याविषयी आपल्या कच्च्या लेखात दोन ठिकाणी दोन साले आली आहेत. त्या काळी रेडिओचा परवाना काढावा लागे आणि दर वर्षी पोस्टात फी भरून त्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावा लागे. जुन्या घरांत ही पुस्तिका सहसा शेताच्या कागदांसोबत, सात-बाऱ्याच्या पिशवीत सापडते. ती मिळाली तर साल पक्के होईल, आणि नांदेडला जाताना ती सोबत न्यावी; दोन म्हाताऱ्यांना बोलणे सुरू करायला असा एखादा कागद मधे असलेला बरा असतो. लेख देण्याची मुदत डिसेंबरअखेर आहे, असे आपण लिहिले आहे. तोवर दोनदा जाऊन येता येईल. पहिल्या खेपेला लेख पिशवीतच राहिला, तरी चालेल.